सावंतांचा पाचवारी किल्ट

कॅरमबोर्डासमोर बसण्याआधी सावंत दोन्ही हात मागे न्यायचे, चुण्या वरून खाली एकदा सारख्या करायचे आणि मगच स्टुलावर टेकायचे. बाईमाणूस साडी सावरून बसतं तसं, अगदी सवयीनं. नवख्या माणसाची नजर तिथे अडकायचीच. सावंत बहात्तर वर्षांचे होते, ओठावर जाड मिशी होती, अंगात इस्त्रीचा पांढरा हाफ शर्ट असायचा आणि कमरेखाली हिरव्या-निळ्या चौकड्यांचा, गुडघ्यापर्यंतचा किल्ट. स्कॉटलंडचे पुरुष घालतात तो, मागे चुण्या आणि पुढे सपाट. बाहेरून आलेला एखादा खेळाडू बघतच राहिला की सावंत स्ट्रायकर बोर्डावर ठेवून म्हणायचे, "बघून झालं की सांगा. ब्रेक तुमचा आहे."

मी त्यांची डबल्सची पार्टनर. कॅरममध्ये पार्टनर शेजारी बसत नाही, समोर बसतो. त्यामुळे इतक्या वर्षांत सावंतांचा चेहरा मी माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाहिला असेल. नवऱ्याची तक्रार नव्हती, तो त्या वेळात क्रिकेट बघायचा. मी टेलिफोन खात्यातून रिटायर झाले, सावंत गोदीतल्या जहाजदुरुस्तीच्या कारखान्यातून. ते फिटर होते. वडील मालवणहून गिरणीत आलेले, सावंत परळला वाढले आणि लग्नानंतर नाहूरला आले. मला ते "बाई" म्हणायचे आणि मी त्यांना नुसतं "सावंत". बोलणं एरवी सगळ्यांसारखं मुंबईचं, पण चिडले की मालवणी सुरू. आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं एकच मत असायचं: "आधी फिटिंग बघायचं, फिनिशिंग मागाहून." सून बघायला गेले तेव्हाही हेच म्हणाले होते म्हणे, आणि सुनंदावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना जिन्यातच झापलं होतं.

आमचा कॅरमचा हॉल कॉलनीच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावर. चार बोर्ड, चार शेड लावलेले दिवे आणि भिंतीवर एक नियम. तो नियम माझ्यामुळे झाला. मी हॉलची सभासद झाले त्या वर्षी एका गृहस्थांनी राणी घेतली, तिला कव्हर दिलं आणि आनंदानं उडी मारून उभे राहिले. त्यांची लुंगी मात्र स्टुलाच्या खिळ्यापाशीच राहिली. मी बोर्डाकडे बघत होते, मला काही दिसलंही नाही. आणि दिसलं असतं तरी काय बिघडलं असतं? आयुष्यभर टेलिफोनवर पुरुषांची बोलणी ऐकलेल्या बाईला लुंगीनं काय होणार! पण आमचे सेक्रेटरी सबनीस यांना ते फार लागलं. सबनीस कोर्टात नोकरीला होते आणि घरी दूधवाल्याशीसुद्धा कोर्टातलं मराठी बोलायचे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर कागद लागला: "महिला सभासदांची उपस्थिती लक्षात घेता पुरुष सभासदांनी लुंगी, धोतर, पंचा वा तत्सम वस्त्र नेसून हॉलमध्ये येऊ नये. तसेच हाफपँट, बर्मुडा इत्यादी घालून येऊ नये." मला कोणी विचारलं नाही. उलट लुंगीवाले सगळे माझ्याकडेच रागानं बघायला लागले.

मग तीन वर्षांपूर्वी सावंत अचानक हॉलमध्ये यायचे बंद झाले. हॉलच्या ग्रुपवर त्यांनी कळवलं, "कंबर धरली आहे." लोकांनी फुलांची चित्रं पाठवली. मी दोन आठवडे वाट बघितली आणि सरळ घरी गेले. सावंत लुंगी नेसून बाहेरच्या खोलीत बसले होते, समोर बोर्ड मांडलेला, आणि एकटेच खेळत होते. एक डाव या बाजूनं, मग उठून पलीकडे जाऊन दुसरा डाव त्या बाजूनं. उठताना हात मांडीवर धरायचे. मी म्हटलं, "कंबर तर बरी दिसते."  सुनंदावहिनी चहा घेऊन आल्या, त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सांगून टाका. शोभा काय परकी आहे?"

तर झालं होतं असं की लघवी अडकली, हॉस्पिटलात नेलं, प्रोस्टेट निघालं. ऑपरेशन करावं तर हृदय साथ देईना. डॉक्टर म्हणाले, नळी राहू दे, मांडीला पिशवी बांधायची, नळी महिन्याच्या महिन्याला बदलायची. किती दिवस? तर कायमची. सावंत हे सगळं एखाद्या बिघडलेल्या पंपाबद्दल बोलावं तसं बोलले. पँट चढत नाही. लेंगा घालून बघितला, तर पुढे वाकून बसलं की नळी मुडपते, आणि कॅरम काय ताठ बसून खेळतात? लुंगीत सगळं व्यवस्थित राहतं, पण लुंगीला हॉलमध्ये बंदी.

"मग सबनीसांना सांगा ना खरं काय ते," मी म्हटलं. "माणूस कडक आहे, पण राक्षस नाही. परवानगी देईल."

"देईल की," सावंत म्हणाले. "म्हणूनच नको. बाई, आज सबनीस परवानगी देणार, उद्या मला बाथरूमच्या जवळचा बोर्ड देणार, आणि परवा कोणीतरी मुद्दाम सोंगटी चुकवणार, म्हाताऱ्याला जिंकू दे म्हणून. मग मी तिथं खेळायला जातो की समाचाराला बसतो? येडा म्हणाले तर चालेल मला. बिचारा म्हणायला नको."

 हॉल हे त्या माणसाचं सगळं होतं. मुलगा बेंगळुरूला, गावचं घर भावाकडे, कारखाना कधीच बंद पडलेला. संध्याकाळी सहाला इस्त्रीचा शर्ट घालून कुठेतरी जायचं असतं, कोणालातरी हरवायचं असतं, म्हणून तो दिवसभर नीट जगायचा. ते गेलं तर माझा पार्टनर सहा महिन्यांत जाईल अशी मला खात्री वाटली, आणि वाईट वाटण्यापेक्षा त्याचा राग आला.

किल्टची आठवण त्यांनाच झाली. गोदीत एकदा दुरुस्तीला आलेल्या बोटीवर एक स्कॉटिश चीफ इंजिनिअर होता. वर्षअखेरच्या पार्टीला तो किल्ट घालून आला. "पन्नास फिटर बसले होते बाई, सगळे महाबिलंदर. पण एक हसला नाही. का? तर तो माणूस कोणाच्या हसण्याची वाट बघत नव्हता. आला, बसला, जेवला." सावंतांनी स्ट्रायकर बोटांत फिरवला. "आणि आत हवा. फिटिंग एकदम मोकळं."

दुसऱ्या दिवसापासून संशोधन सुरू झालं. सावंत फोनशी बोलायचे, टाइप करत नसत. वहिनी ओट्यापाशी भाजी चिरतायत आणि बाहेरून ठणठणीत आवाज येतोय, "रोज वापरायचा, परवडणारा, साधा किल्ट!" फोननं जे दाखवलं त्या किमतीत गावच्या घरावर नवी कौलं चढली असती. पण ज्ञान फुकट मिळालं. खऱ्या किल्टला आठ वार कापड लागतं. हे कळल्यावर सावंतांनी फोन खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. "सुनंदा, आठ वार! नऊवारीला एकच वार कमी." रोजच्या वापराचा मात्र चार-पाच वारांत होतो. "म्हणजे सणाचा आठवारी आणि घरगुती पाचवारी," वहिनी म्हणाल्या. "माझ्या लग्नाच्या शालूला एवढी चौकशी केली नव्हती कोणी."

आधी आम्ही गोरेगावला गेलो. तिथे स्टुडिओंना कपडे पुरवणारा एक ड्रेसवाला माझ्या ओळखीचा निघाला. सावंत लेंग्यात, मी बरोबर, लिंक रोडच्या बसनं. ड्रेसवाल्यानं दोन किल्ट काढले. पहिला कुठल्यातरी लढाईच्या सिनेमातला, जाड लोकरीचा, पोटावर भोक आणि भोकाभोवती लाल डाग. "डाग धुतला जाईल," ड्रेसवाला म्हणाला. सावंतांनी तो हातावर तोलून पाहिला. "हा घालून मे महिन्यात बसलो तर भोक खरं वाटेल." दुसरा एका गाण्यातला होता, सोनेरी टिकल्यांचा, कमरेला इलास्टिक, वीतभर लांब.

"कोणी घातला होता?" सावंतांनी विचारलं.

"मागं नाचणाऱ्यांनी."

"पुढं नाचणाऱ्यांचा नाही काय?"

ड्रेसवाला विचारात पडला. मग म्हणाला, पुढचीनं काही घातलंच नव्हतं म्हणा ना. आणि दोन्ही किल्ट भाड्यानंच मिळतात, विकत नाहीत. सावंत उठले. रोज घालायचं कापड भाड्यानं कोण घेतो!

परतीच्या बसमध्ये लेंग्यात नळी मुडपली. त्यांनी सांगितलं नाही. पवईच्या पुढे त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि ते समोरच्या सीटचा दांडा धरून बसले. मी म्हटलं उतरू या. ते म्हणाले, "नाहूरलाच उतरू." नाहूरला उतरून ते भिंतीला टेकले आणि मला म्हणाले, "बाई, तिकडं तोंड करा." मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले आणि मला रडू आलं. इतकं की रिक्षावाला थांबून विचारायला लागला काय झालं. मी त्याच्यावरच ओरडले. थोड्या वेळानं मागून सावंतांचा आवाज आला, नेहमीसारखा: "लोकर नको, चमक नको, इलास्टिक नको. धुवून दुसऱ्या दिवशी वाळला पाहिजे. एवढं आज पक्कं झालं."

शिवून घ्यायचं ठरलं. जेंट्स टेलर म्हणाला स्कर्ट आहे, लेडीजकडे जा. लेडीज टेलर म्हणाला जेंट्सचं माप आम्ही घेत नाही. शेवटी मुलुंडला शाळेच्या युनिफॉर्मच्या दुकानात मी चौकड्यांचं कापड टांगलेलं पाहिलं. मुलींच्या स्कर्टचं, टेरीकॉट, स्वस्त आणि मस्त. सावंतांनी टोक मुठीत चुरगाळलं, धरून ठेवलं आणि सोडलं. सुरकुती पडली नाही. उजेडासमोर धरलं, पलीकडचं दिसलं नाही. चुण्या पाडायला दुकानात कारागीर होता, दिवसाला कितीतरी स्कर्ट शिवणारा. दुकानदारानं वही उघडली. "बेबी कुठल्या क्लासमधी हाय?"

"मलाच पाहिजे," सावंत म्हणाले.

दुकानदारानं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. "साइज आपल्याकडे बारावीपर्यंतच हाय," तो म्हणाला, पण धंद्याचा माणूस, नाही म्हणाला नाही. कारागिराला सावंतांनी सगळं समजावलं. कंबर बेंबीपाशी मोजायची, पँटच्या पट्ट्यापाशी नाही. लांबी गुडघ्याच्या मध्यावर. पुढे सपाट, चुण्या सगळ्या मागे, वरून वीतभर शिवून घट्ट, खाली मोकळ्या. आत एक हूक आणि बाहेर उजवीकडे चामड्याची दोन बक्कलं. एकेकाला पाच वार कापड गेलं. सावंतांनी दोन शिवून घेतले, एक अंगावर, एक दोरीवर.

एक गोष्ट आम्हा दोघांच्याही लक्षात आली नाही. युनिफॉर्मचं कापड म्हणजे कुठल्यातरी शाळेचं असणारच. किल्ट घालून सावंत पहिल्यांदा बाहेर पडले, मी सोबतीला होते, आणि कोपऱ्यावर शाळा सुटलेली. साठ-सत्तर मुली, सगळ्यांचे हिरव्या-निळ्या चौकड्यांचे स्कर्ट. मी मनात म्हटलं, लागली वाट. एक धीट मुलगी पुढे आली. "अंकल, हा आमचा युनिफॉर्म आहे!"

"होय," सावंत म्हणाले. "मी जुना विद्यार्थी."

"पण आमची गर्ल्स स्कूल आहे!"

"म्हणून तर सोडली," सावंत म्हणाले आणि चालू लागले. चालण्यात कुठे घाई नव्हती. मी मात्र पदर तोंडात कोंबला होता.

हॉलमध्ये शिरलो तेव्हा चारही बोर्ड थांबले. कोणीतरी विचारलं, "सावंत, कापड किती लागलं हो?" आणि सावंत कौतुकानं बोलून गेले, "पाचवारी आहे." तिथेच फसले. सबनीस खुर्चीतून उठले, चष्मा लावला आणि म्हणाले, "श्री. सावंत, आपण हे काय नेसून आला आहात?"

"नेसून नाही. घालून."

"आपणच आत्ता पाचवारी म्हणालात. ज्याचं माप वारात सांगतात आणि ज्याला निऱ्या असतात, ते वस्त्र मराठीत नेसतात. नियमात 'नेसून' असा स्पष्ट शब्द आहे."

मग जो वाद झाला तसा मी टेलिफोनच्या युनियनमध्येही ऐकला नव्हता. सावंतांचं नाव दिगंबर, आणि अशा नावाच्या माणसानं कपड्यावरून भांडावं हेच मुळात विशेष, पण सावंत इरेला पेटले होते. शिवलेल्या त्या निऱ्या नव्हेत, चुण्या. गुंडाळायचं, खोचायचं ते नेसायचं. अडकवायचं ते घालायचं. सबनीस म्हणाले, हा कमरेभोवती गुंडाळलाच जातो. सावंतांची मालवणी सुटली. "सबनीस, माका मराठी शिकवू नको! पट्टो नेसतत? बूट नेसतत? बक्कल इलां काय तां घालूचां!" एक जण मधेच म्हणाला की मग "बर्मुडा इत्यादी घालून" यात बसेल. सावंतांनी त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "बर्मुड्याला दोन पाय असतात. ह्याला एकच."

शेवटी मी उठले. म्हटलं, "माझ्या भाचीनं लग्नात शिवलेली नऊवारी होती. नऊ वार, निऱ्या, काष्टा, सगळं. मागची चेन ओढली आणि दोन मिनिटांत तयार. ती म्हणते, 'मावशी, मी नऊवारी घातली.' आता नऊवारी घालता येते तर पाचवारी का नाही? आणि नियम माझ्यासाठी केलाय ना? मग मी सांगते, मला चालतं."

 सबनीसांनी भिंतीवरचा कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. माणूस हट्टी होता, पण शब्दाला पक्का. "बंदीच्या शब्दांत हे वस्त्र बसत नाही," ते म्हणाले. "नियम बदलायचा तर वार्षिक सभेत बदलावा लागेल. तोपर्यंत श्री. सावंत येऊ शकतात." वार्षिक सभेला पुरेशी माणसं त्या वर्षी जमली नाहीत. आमच्याकडे ती कुठल्याच वर्षी जमत नाहीत.

सावंतांनी दोन्ही हात मागे नेले, चुण्या सारख्या केल्या आणि माझ्या समोर बसले. त्या दिवशी आम्ही दोन डाव हरलो. कोणी एकही सोंगटी मुद्दाम चुकवली नाही. घरी जाताना सावंत म्हणाले, "बाई, काय मार खाल्ला आज!" इतक्या समाधानानं हरलेला माणूस मी बघितला नाही.

पुढचं दीड वर्ष मजेत गेलं. कॉलनीत सगळे म्हणायचे सावंतांचं डोकं फिरलंय, म्हातारपणी हौस सुचलीय. कोणी कारण विचारलं तर सावंत "हौस" एवढंच सांगायचे. आत काय असतं हा प्रश्न हॉलमधल्या प्रत्येकाला पडलेला असायचा. चहाच्या सुट्टीत सावंत शांतपणे बाथरूमला जाऊन यायचे, चुण्या सारख्या करायचे आणि बसायचे. उत्तर मला माहीत होतं, वहिनींना माहीत होतं, बस. सबनीस मात्र रोज त्यांच्या किल्टकडे एकदा रोखून बघायचे आणि आपल्या बोर्डाकडे वळायचे. दोघांचं बोलणं खेळापुरतं.

मग सबनीस यायचे थांबले. महिनाभरानं ग्रुपवर त्यांचा संदेश आला: "कंबर धरल्याने काही काळ उपस्थित राहू शकत नाही. क्षमस्व." लोकांनी फुलांची चित्रं पाठवली. मी तेव्हा सावंतांकडे सरावाला बसले होते. सावंतांनी संदेश वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"कंबर," ते म्हणाले. आणि पुढचा स्ट्रायकर त्यांनी इतका हळू मारला की तो सोंगटीपर्यंत पोचलाच नाही.

सावंत गेले त्याला आता वर्ष होईल. दुपारी झोपले ते उठले नाहीत, डॉक्टरांनी हृदय सांगितलं होतं तसंच. हॉलमध्ये त्यांचा फोटो लावलाय, पण तो पँटमधला आहे आणि मला तो कोणीतरी दुसराच माणूस वाटतो. माझ्या समोर आता दुसरे पार्टनर बसतात, चांगले खेळतात, मला काही तक्रार करायची नाही. पण सावंत म्हटलं की मला हॉल आठवत नाही, एक रविवार आठवतो. त्या संदेशानंतर थोड्याच दिवसांनी, आम्ही सरावाला बसलो असताना, सबनीस सावंतांच्या दारात उभे होते. लेंगा घातलेला, एक हात मांडीवर.

खुर्चीत बसायला त्यांना वेळ लागला. "सावंत, एक वैयक्तिक चौकशी होती," ते म्हणाले. "ते आपलं वस्त्र. माझ्या मेहुण्यांना तसं हवं आहे. रोजच्या वापराचं. फार खर्चिक नको."

सावंतांनी सोंगट्या बाजूला केल्या आणि सगळं सांगितलं, एका शब्दाची घाई न करता. लोकर घेऊ नका, मुंबईत मराल. टेरीकॉट घ्या, मुठीत चुरगाळून बघा. आठवारीच्या फंदात पडू नका, पाच वार बास. माप बेंबीपाशी. चुण्या दाट नकोत, बसल्यावर टोचतात. रंग गडद घ्या, काही सांडलं तर दिसत नाही. इलास्टिकवाला कोणी गळ्यात मारेल, घेऊ नका, ते दाबतं. एकाच वेळी दोन शिवा. मुलुंडच्या दुकानाचा पत्ता सांगितला, आणि कापड निवडताना ते कुठल्या शाळेचं आहे हे आधी विचारा म्हणाले.

सबनीस मान डोलवत होते. मग सावंतांनी विचारलं, "मेहुण्यांची कंबर किती?"

सबनीसांचा हात आपोआप स्वतःच्या पोटावर गेला आणि तिथेच राहिला. मी उगाच काळ्या सोंगट्या एकीवर एक रचायला लागले. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, खाली बघितलं, आणि अगदी हळू आवाजात, कोर्टातलं मराठी सोडून, विचारलं, "सावंत... पिशवी कुठल्या पायाला बांधता हो?"

"डाव्या," सावंत म्हणाले. "उजवीकडे बक्कलं येतात."

सबनीसांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं, या कॉलनीत मी एकटाच," ते म्हणाले. "दीड महिना झाला, घराबाहेर पडलो नाही. मुलाला सांगितलं नाही." सावंतांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि उठले. "चला आत. माझा दोरीवरचा वाळलाय. घालून बघा, फिटिंग कळेल."

दोघे आतल्या खोलीत गेले आणि दार लागलं. मी स्वयंपाकघरात वहिनींकडे गेले. आधी काही ऐकू येईना. मग बक्कलाचा आवाज, मग सबनीसांचं "अहो, श्वास कसा घ्यायचा?", मग सावंतांचं काहीतरी, आणि मग हसू. एकाचं आधी, मग दोघांचं, खोकला येईपर्यंत, थांबून पुन्हा पहिल्यापासून. सावंत हसत होते. हॉस्पिटलातून आल्यापासून त्या घरात तो आवाज झाला नव्हता.

वहिनींनी कुकरखालचा गॅस बंद केला, शिट्टी होऊ नये म्हणून. हातातलं फडकं त्यांनी तसंच धरून ठेवलं. "हसतायत गं," त्या मला म्हणाल्या, आणि आम्ही दोघी ओट्याला टेकून ऐकत उभ्या राहिलो.